हाल्वोरसरांचा पेपर

फेब्रुवारी सरत आला की अबू धाबीत सकाळी असं धुकं पडतं की समोरच्या बिल्डिंगवरचा मनी एक्स्चेंजचा बोर्डसुद्धा दिसेनासा होतो. मोबाइलवर गाड्या हळू चालवा म्हणून मेसेज येतात. एसी अजून लावावा लागत नाही, खिडक्या उघड्या असतात, आणि वर्षातले हेच काय ते दोन-तीन आठवडे आम्हाला शेजारच्यांचे आवाज ऐकू येतात. त्यात जास्त करून पाठांतराचे. चौथ्या मजल्यावर कुणीतरी केमिस्ट्री घोकतंय, सहाव्यावर कुणाची तरी आई हिंदीत ओरडतेय की फोन दे इकडे. लिफ्टमध्ये शिरावं तर दोन मुलं हातात स्पायरल बाइंडिंग केलेले सराव पेपर घेऊन उभी, आणि खालच्या झेरॉक्सवाल्याकडे ही रांग. बोर्डाच्या परीक्षा जवळ आल्या की हा वाळवंटातला देश एकदम आपला वाटायला लागतो.

माझी मुलगी बारावी होऊन गेली त्याला आता काही वर्षं झाली. तरी हे दिवस आले की मी अजून पहाटे पाचला जागी होते. आणि गंमत म्हणजे आठवण येते ती मृण्मयीची नाही, हाल्वोरसरांची. त्या वर्षी आमच्या घरातून बारावीच्या इकॉनॉमिक्सचा पेपर दोघांनी दिला होता. एक मृण्मयीने, आणि दुसरा एका माजी मंत्र्याने.

नीट सांगते. मी इथल्या एका दूतावासात सेक्रेटरी आहे. तेव्हा आमचे राजदूत होते हाल्वोर, नॉर्वेचे. साडेसहा फूट उंच, पांढऱ्या भुवया, आणि चालताना थोडे पुढे वाकलेले, कारण आयुष्यभर दाराच्या चौकटी चुकवल्या असणार. पहिल्याच दिवशी म्हणाले, मला सर म्हणू नकोस, हाल्वोर म्हण. आता मी ठाण्याची. माझ्या बाबांच्या वयाच्या माणसाला, त्यात राजदूताला, नुसतं हाल्वोर? मला तर नवऱ्याला नावाने हाक मारायला सहा महिने लागले होते. मग मी पुढचे तीन महिने त्यांना कशानेच हाक मारली नाही. केबिनच्या दारात उभं राहायचं, घसा खाकरायचा, त्यांनी मान वर केली की बोलायचं. शेवटी त्यांनाच ते असह्य झालं असावं. मग मी मधला मार्ग काढला आणि हाल्वोरसर म्हणायला लागले. त्यांच्याकडे म्हणे ‘तुम्ही’ म्हणायची रीतच गेली आहे, सगळे एकमेकांना ‘तू’. म्हणून इथेही त्यांचं बोलणं मी ‘तू’नेच लिहिते आहे. ते बोलायचे इंग्रजीत, पण माझ्या कानात ते मराठीतच राहिलं आहे.

रोज साडेअकराला ते ड्रॉवरमधून एक पुडकं काढत. काळपट ब्रेडचे चार तुकडे, प्रत्येकावर तपकिरी चीजच्या पातळ चकत्या, मध्ये कागद. रोज तेच. राजदूत माणूस, आणि जेवण बघा. मला राहवेना. एक दिवस मी माझ्या डब्यातलं थालीपीठ पुढे केलं. त्यांनी आधी ते उलटसुलट पाहिलं, मधल्या भोकांबद्दल विचारलं, मग खाल्लं, मग दुसरं मागितलं. बदल्यात मला ते चीज चाखायला दिलं. खरं सांगते, बासुंदीच्या भांड्याची खरवड असते ना, तशी चव. मी तसं त्यांना सांगायचा प्रयत्न केला, पण खरवडीला इंग्रजीत काय म्हणणार. दुसऱ्या दिवशी बासुंदीच करून नेली, तळाची खरवड वेगळ्या डबीत. त्या दिवसापासून आमची पंगत एक झाली.

त्यांचं करिअर मला असंच कळलं, थालीपिठाच्या एकेका घासाबरोबर. नदीकाठचं छोटं गाव, गावात कागदाचा मोठा कारखाना. आजोबा कारखान्यात, वडील कारखान्यात, थोरला भाऊ आर्ने सोळाव्या वर्षी कारखान्यात. हाल्वोरसर धाकटे, डोळ्याला चष्मा, म्हणून त्यांना शिकायला पाठवलं. शिक्षणाच्या खर्चात आर्नेच्या पगाराचाही वाटा होता. ओस्लोत इकॉनॉमिक्स शिकले, तिथेच शिकवलं, मग सरकारसाठी अंदाज बांधायला लागले. पुढे एका पक्षाला आकडे कळणारा माणूस हवा होता. हे नाही म्हणू शकले नाहीत. निवडणुकीत सुपरमार्केटच्या दाराशी उभं राहून लोकांना गरम वॉफल वाटायचे, आणि लोक वॉफल खाता खाता टॅक्सवरून त्यांची उलटतपासणी घ्यायचे. पडले, पुन्हा उभे राहिले, निवडून आले, उद्योगमंत्री झाले. मंत्री असताना ट्रामने ऑफिसला जायचे. नंतर हरले. हरल्यावरही ट्रामने घरी गेले.

हे सगळं ते कसं सांगायचे, तर आपण जसं सांगतो ना, मध्ये दोन वर्षं नाशिकला होतो बरं का, तसं. आमच्याकडे माणूस सोसायटीचा सेक्रेटरी झाला तरी दारावर पाटी लावतो. मी एकदा आगाऊपणा करून विचारलं, की तुमच्याकडे हरलेल्या मंत्र्याला राजदूत करून परदेशी धाडतात का. खूप हसले. मग म्हणाले, कधी कधी. आधी एका थंड देशात धाडलं, मग एका पावसाच्या, आणि आता इथे, जिथे मीटिंग संपली तरी खजूर आणि गावा संपत नाही. गावा म्हणजे इथली वेलदोड्याची कॉफी. छोटी वाटी हलवली नाही तर ते ओततच राहतात. हाल्वोरसरांना वाटी हलवायची लक्षातच राहायचं नाही.

आर्नेचं नाव मात्र पहिल्या वर्षी एकदाच आलं. पुढचं कळलं ते माझ्या कामामुळे.

सेक्रेटरीला साहेबाचं कॅलेंडर बघावं लागतं, आणि कॅलेंडर खोटं बोलत नाही. ईस्टरच्या आठवड्यात झाडून सगळे नॉर्वेजियन घरी पळतात. डोंगरात प्रत्येकाची कसली ना कसली लाकडी झोपडी असते, तिथे जाऊन बर्फात स्की करायचं, संत्री सोलायची आणि उन्हात नाक भाजून परत यायचं. ऑफिस ओस पडतं. आणि हाल्वोरसर मार्च लागला की मला सांगायचे, वैशाली, ईस्टरचा आठवडा भरून टाक. काहीही घाल. मग मी शोधून शोधून मीटिंगा घालायची. एका वर्षी तर बिचाऱ्यांना सिमेंटचं प्रदर्शन पाहायला पाठवलं, ते दोन तास सिमेंट पाहून आले.

तिसऱ्या वर्षी मी विचारलंच. माझा स्वभावच तसा, गप्प बसवत नाही. म्हटलं, हाल्वोरसर, तुम्हाला झोपडी नाही का. तेव्हा त्यांनी सांगितलं. झोपडी आहे, वडिलांनी हाताने बांधलेली, दोघा भावांची मिळून. ईस्टर आर्नेचा, आणि उन्हाळ्यातले दोन आठवडे ह्यांचे. दोघे एका वेळी जात नाहीत. कारण सोळा वर्षांपूर्वी उद्योगमंत्री हाल्वोर यांनी एका कागदावर सही केली. तोट्यातल्या कागदकारखान्यांना सरकारने द्यायची मदत बंद. देशातल्या सगळ्याच कारखान्यांना तो नियम लागू झाला, आणि गावचा कारखाना सात महिन्यांत बंद पडला. आर्ने तिथेच होता, शेवटची सत्तावीस वर्षं मशीन नंबर तीनवर.

भांडण झालं का, मी विचारलं. नाही ना, तेच तर. आर्ने एक शब्द बोलला नाही. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. आईच्या अंत्यविधीत दोघे शेजारी उभे राहिले, तिथेही नाही. कोणी कधी झोपडीत जायचं ते आर्नेची बायको बेरित मेलवर कळवते. हाल्वोरसर म्हणाले, “पण मी उन्हाळ्यात तिथे जातो ना, तेव्हा माझ्यासाठी दोन आठवडे पुरतील इतकी लाकडं फोडून, रचून ठेवलेली असतात. दर वर्षी.”

मी त्यांच्या ताटलीत आणखी एक थालीपीठ वाढलं.

आणि त्या वर्षी, म्हणजे मृण्मयीच्या बारावीच्या वर्षी, बेरितची वेगळीच मेल आली. ईस्टरच्या आठवड्यात आर्नेला सत्तर पूर्ण होतात. त्याने तुला बोलाव म्हटलेलं नाही, मी बोलावते आहे, ये. सत्तराव्या वर्षीही आला नाहीस तर पुढे मी विचारणार नाही. मेल नॉर्वेजियनमध्ये होती, त्यांनी मला अर्थ सांगितला. मग मेल बंद केली आणि म्हणाले, आठवडा भरून टाक. मला इतका राग आला त्यांचा. भाऊ लाकडं फोडून ठेवतो आणि हा बाबा सिमेंट बघायला जाणार. पण माझं कोण ऐकतंय. भरला आठवडा.

घरी माझं वेगळंच महाभारत चालू होतं. मृण्मयीला प्रीबोर्डमध्ये इकॉनॉमिक्सला ऐंशीपैकी चोवीस मिळाले होते. विवेक, माझा नवरा, मुसफ्फाच्या औद्योगिक भागात फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये इंजिनिअर. दिवसभर लोखंडाची धूळ खाऊन आला, बूट काढता काढता मार्क ऐकले आणि एक बूट पायात तसाच ठेवून सोफ्यावर बसला. मृण्मयी म्हणाली, “बाबा, इट्स जस्ट मगिंग अप. देअर इज नो थिंकिंग इन इट.” तो म्हणाला, मग न थिंकता घोक, पण पास हो. मी दोघांच्या मध्ये उभी. खरं सांगायचं तर मनातून मला पोरीचंच पटत होतं. कारण तिचे ट्यूशनवाले थॉमस सर. केरळचे, अत्यंत सज्जन, पंचवीस वर्षं बोर्डाचे पेपर तपासलेले. त्यांचा नियम एकच. सहा मार्कांना सहा पॉइंट. प्रत्येक पॉइंटला हेडिंग, हेडिंगखाली रेघ. एक्झामिनरकडे तुमच्यासाठी वेळ नसतो, त्याला शोधायला लावू नका. यल्ला, चला, लिहा. मी एकदा हळूच म्हटलं होतं, सर, पण समजून लिहिलं तर. ते म्हणाले, मॅडम, समजलंय हे पॉइंटमध्येच दिसतं. मी घरी येऊन त्यांची खूप टिंगल केली होती.

तर त्यांनी दिलेला सराव पेपर मी ऑफिसच्या मशीनवर गुपचूप झेरॉक्स करत होते, आणि मागे हाल्वोरसर येऊन उभे राहिलेले मला कळलंच नाही. मी दचकून पानं लपवली. दहावीत कॉपी करताना पकडल्यासारखं झालं. त्यांनी हात पुढे केला, पेपर घेतला, वाचायला लागले. मध्येच थांबले. एका प्रश्नावर बोट ठेवून म्हणाले, “हा प्रश्न मला येतो.”

प्रश्न असा होता: एका राज्यातील तोट्यात चालणारा सरकारी कारखाना बंद करण्यात आला. या निर्णयाचे परिणाम स्पष्ट करा. सहा मार्क.

त्यांनी जेवणाच्या सुट्टीत दार लावून घेतलं, टेबलावर घड्याळ ठेवलं, आणि शाईच्या पेनने तीन पानं लिहिली. बाहेर आले तेव्हा कान लाल झाले होते आणि शाळेतल्या पोरासारखे खूश दिसत होते. मला पानं देऊन म्हणाले, मृण्मयीला दे, बघ तिला उपयोग होतो का. मी वाचून पाहिलं. काय सुंदर लिहिलं होतं. करदात्यांवरचं ओझं, अडकलेलं भांडवल मोकळं होणं, दहा वर्षांनी त्या भागाची अर्थव्यवस्था कुठे असेल. मला अर्थशास्त्रातलं ओ की ठो कळत नाही, पण मलाही पटलं.

आता माझ्या डोक्यात किडा वळवळला. मी ठरवलं, थॉमस सरांची एकदा जिरवायचीच. मृण्मयीला म्हटलं, हा पेपर तुझ्या गठ्ठ्यात घालून दे. विचारलं तर सांग, शारजात रोल्ला भागात राहणाऱ्या मावसबहिणीचा आहे, तिलाही तपासून हवाय. ती म्हणाली, “आई, दॅट्स सो चीप.” पण दिला तिने, हसत हसत दिला. माझी खात्री होती, सर दिपून जाणार. मग मी सांगणार की हे उत्तर एका माजी उद्योगमंत्र्याचं आहे. वाक्यसुद्धा तयार करून ठेवलं होतं.

तीन दिवसांनी पेपर परत आला. सहापैकी दोन.

समासात लाल शाईने लिहिलं होतं. अक्षर चांगलं आहे. पॉइंट नाहीत, हेडिंग नाहीत. आणि खाली, दोनदा रेघ मारून: “अर्धंच उत्तर. कामगारांचं काय झालं?”

सर मृण्मयीला वर म्हणाले म्हणे, मावसबहीण हुशार आहे, मेहनत घेतली तर पास होईल, इन्शाल्ला.

विवेक इतका हसला की त्याला ठसका लागला. मला मात्र दुसऱ्या दिवशी ऑफिसला जायची लाज वाटत होती. कुणी सांगितले होते हे उद्योग. लपवून ठेवावं तर मृण्मयी ऐकेना. ती स्टडी लीव्हवर होती, म्हणाली मी येते, मी सॉरी म्हणते. आली. मी तिच्या मागे दारात उभी राहिले.

हाल्वोरसरांनी मार्क पाहिले आणि खदाखदा हसले. खरंच. भिंतीवर लावतो म्हणाले. मग चष्मा लावून समासातलं वाचलं. हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, फक्त आवाज थांबला. मृण्मयीला वाटलं त्यांना अक्षर लागत नाही. ती टेबलाशी जाऊन समजावायला लागली, “सर, यू हॅव टू राइट इफेक्ट्स ऑन वर्कर्स अँड फॅमिलीज. इट्स द ईझिएस्ट पॉइंट, सर. एव्हरीबडी राइट्स इट.”

“मी नाही लिहिला,” ते म्हणाले.

“इट्स ओके, सर. यू फरगॉट.”

“नाही. मी विसरलो नव्हतो. मी तेव्हाही असंच उत्तर लिहिलं होतं. त्या वेळी कुणी लाल रेघ मारली नाही.”

मृण्मयीला संदर्भ माहीत नव्हता. ती माझ्याकडे बघायला लागली. मी तिला डोळ्यांनीच गप्प राहा म्हटलं. ते उठले, तिच्याशी हात मिळवला आणि म्हणाले, तुझ्या सरांना सांग, मार्क बरोबर आहेत. ती गेल्यावर मी पेपर उचलायला गेले, तर त्यांनी त्यावर हात ठेवला.

त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुपारभर दार बंद. मी दोनदा चहा पाठवला, दोनदा गार होऊन परत आला. माझा जीव टांगणीला. एका हसत्याखेळत्या माणसाला मी माझ्या चहाटळपणापायी कुठे नेऊन सोडलं, असं वाटून मी वॉशरूममध्ये जाऊन चक्क रडले. चार वाजता त्यांनी मला बोलावलं. आवाज नेहमीसारखाच होता.

“वैशाली, ईस्टरचा आठवडा रिकामा कर.”

“सगळा?”

“सगळा. आणि ओस्लोचं तिकीट बघ. बेरितला मी स्वतः लिहितो.”

मी इतक्या आनंदाने आयुष्यात कधी मीटिंगा रद्द केल्या नाहीत. एकेकाला फोन करून सांगत होते, हिज एक्सलन्सी नसतील, खलास, पुढच्या महिन्यात बघू.

आता इतक्या वर्षांनी, खिडकीतून ती घोकंपट्टी ऐकू येते तेव्हा मी त्या लाल रेघेचा विचार करते. आम्ही सगळ्यांनी त्या पॉइंटांची चेष्टा केली. मी तर सगळ्यात जास्त. पण त्या रटाळ, पाठ केलेल्या, रेघ मारलेल्या यादीत कुणीतरी कधीतरी कामगाराला जागा करून ठेवली होती. न चुकता, सहांतली एक. आणि त्या देखण्या तीन पानांत तो नव्हता. हाल्वोरसर वाईट माणूस नव्हते हो. त्यांच्याइतका चांगला साहेब मला आधी मिळाला नव्हता आणि नंतरही नाही. आकडे त्यांचे बरोबर होते, हे ते शेवटपर्यंत म्हणायचे, आणि असतीलही. भावाच्याच पगारावर शिकलेला माणूस भावालाच उत्तरातून कसा गाळतो, हे मात्र मला अजून कळत नाही. कदाचित माणूस फार जवळचा असला की तो प्रश्नात आहे हेच दिसत नाही. मीसुद्धा इथे आले तेव्हा ठाण्याला आईला एकटी सोडून आले, आणि सगळ्यांना पटवून देताना कारणं किती मुद्देसूद दिली होती. त्यात आई कुठेच नव्हती. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर ती विचारायची, जेवलीस का. मी म्हणायचे हो, आणि तिला तेच विचारायचं राहून जायचं.

मार्च संपत आला तसं धुकं गेलं, उकाडा सुरू झाला, एसीचा घुर्र आवाज परत आला आणि शेजारपाजार पुन्हा मुका झाला. ईस्टरच्या आदल्या आठवड्यात हाल्वोरसर गेले. जाताना हातात छोटी बॅग, आणि कोटाच्या आतल्या खिशात घडी घालून ठेवलेली ती तीन पानं. मी खजुराचा मोठा डबा दिला आर्नेसाठी. म्हणाले, तो घेईल की नाही माहीत नाही. मी म्हटलं, मग बेरितला द्या. मनातल्या मनात मात्र मी इथून तिथपर्यंत सगळ्या देवांना कामाला लावलं होतं. एका बाजूला लेकीचा पेपर, एका बाजूला ह्यांचा. इकॉनॉमिक्सच्या दिवशी मृण्मयीच्या हातावर दही-साखर ठेवली, तेव्हा वाटीत उरलेलं चमचाभर मी हाल्वोरसरांच्या नावाने स्वतःच खाल्लं. विवेक बघत होता. म्हणाला, तू पार वेडी झालीस.

आठवडाभर फोन नाही, मेल नाही. मी दर तासाला इनबॉक्स उघडून बघायची.

परत आले ते सोलवटलेल्या लाल नाकाने. म्हणजे उन्हात गेले होते, एवढं तर कळलं. केबिनमध्ये बोलावलं, बस म्हणाले, दार लावून घेतलं. मग सांगायला लागले.

गाडी रस्त्यावर सोडून शेवटचा अर्धा तास बर्फातून चालत जावं लागतं. चालताना त्यांनी भाषण जुळवलं होतं. सोळा वर्षं जुळवतच होते. झोपडीचं दार आर्नेनेच उघडलं. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. आणि त्याला समोर बघितल्यावर ह्यांना भाषणातला एक शब्द आठवेना. शेवटी खिशातून ती पानं काढली आणि भावाच्या हातात दिली.

आर्नेचं इंग्रजी शाळेपुरतं. दारातच उभं राहून, बोट फिरवत त्याने तिन्ही पानं वाचली. दार उघडं होतं, आत थंडी शिरत होती, बेरित आतून ओरडत होती. समासातलं लाल अक्षर त्याने दोनदा वाचलं. मग बोलला. सोळा वर्षांनी.

“दोन दिले? मास्तर फार दयाळू दिसतो. बूट काढ, आत ये.”

हे सांगताना हाल्वोरसर हसत होते आणि डोळे पुसत होते, आणि मी तर काय, टेबलावरचा टिश्यूचा डबा माझ्याकडे ओढून घेतला होता.

पुढे चार दिवस आर्ने बोलत होता. मशीन नंबर तीनवरच्या एकेका माणसाचं नाव घेऊन. कोण शहरात गेला आणि तिथे कुणाशी जमलं नाही, कुणाचं घर विकलं गेलं, कुणाची बायको मुलं घेऊन गेली, कोण आता छान आहे, शाळेची बस चालवतो. ह्यांनी मध्ये एकदाही आकडा सांगितला नाही. सगळ्यांचं झाल्यावर चौथ्या दिवशी, निघायच्या आधी, आर्नेने स्वतःचं सांगितलं. कारखाना बंद झाल्यावरही तो रोज सकाळी पावणेसहाला घरातून निघायचा. कामाचे कपडे घालून. बंद गेटपर्यंत चालत जायचा, तिथे जरा उभा राहायचा आणि परत यायचा. आईला कळू नये म्हणून. ती तेव्हा आजारी होती आणि त्यानेच तिला सांगितलं होतं की हाल्वोरने आपला कारखाना वाचवला.

“ती गेली तोवर, दोन वर्षं,” हाल्वोरसर म्हणाले. “तिच्यासमोर त्याने मला चांगलं ठेवलं.”